तिसरा अ‍ॅम्प्लिफायर

वकीलसाहेब पुन्हा दुकानात आले, तेही खोका घेऊनच. आधी नेलेला क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी आवाज पोकळ लागतो म्हणून परत केला होता. मग क्लास एबीचा नेला, तो कानाला टोचतो म्हणून परत आणला. आता क्लास ‘ए’चं हे जड धूड. इस्त्रीसारखं तापतं, पण आवाज लोण्यासारखा मऊ, अशी त्याची ख्याती. तेही त्यांनी काउंटरवर आदळलं.

"यातही तेच. गाणारा विहिरीत बसून गातोय असं वाटतं."

दुकानदाराने अ‍ॅम्प्लिफायर तिथेच जोडून गाणं लावलं. आवाज सुरेख होता. साहेब आणखीच वैतागले.

"इथे बरा वाजतो. घरी नेला की याला काय धाड भरते, कोण जाणे."

दुकानदारही आता मेटाकुटीला आला होता. "मीच घरी येऊन बघतो," तो म्हणाला.

संध्याकाळी तो त्यांच्या दिवाणखान्यात शिरला आणि दारातच थबकला. खिडक्यांना पडदे नव्हते, फरशीवर साधी सतरंजीही नव्हती. दोन स्पीकर आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची सोडली, तर खोली उघडीबोडकी होती. तो नुसता खोकला, तर खोकला चारही भिंतींवर आपटून परत आला.

"साहेब, इथलं सामान कुठे गेलं?"



"ते बायको घेऊन गेली, दोन महिने झाले. पण त्याचा आवाजाशी काय संबंध?"