बद्रियाच्या खोलीतल्या बंदुका

"भिंतीला टेकवून ठेव. आणि तोंड तिकडे कर मेलीचं," बद्रिया म्हणाली.

शेजारच्या मुन्तझरने मुकाट्याने बंदूक ठेवली. खोलीत आधीच गल्लीभरच्या बंदुका ओळीने उभ्या होत्या. "झालं समाधान, खाला? सगळ्यांनी शब्द दिलाय. आज इथून एक गोळी वर जाणार नाही." पण जाता जाता त्याला राहवलं नाही. "आज तरी इराकसाठी दुआ मागशील ना? की अजून जॉर्डनच्याच बाजूने?"

"जीभ आवर, गाढवा!" दारातून गल्लीतले वडीलधारे अबू नौफल ओरडले.

पोराचं तरी काय चुकलं? बद्रिया इराक हरावा म्हणून दुआ मागते, हे अख्ख्या बसऱ्याला नाही तरी या गल्लीला ठाऊक होतं. गेल्या आशिया चषकात इराकने गटातला पहिलाच सामना जिंकला आणि छपराछपरावरून बंदुका कडाडल्या. आमच्याकडे आनंद झाला की माणूस आधी बंदूक उचलतो, मग हसतो. वर गेलेल्यातली एक गोळी बद्रियाच्या अंगणात उतरली. तिथे तिची हौरा दोरीवरच्या उड्या मारत होती. आठ वर्षांची पोर, जागच्या जागी गेली.

खून झाला की दोन टोळ्यांचे वडीलधारे समोरासमोर बसतात, कॉफी फिरते, दोष कुणाचा ते ठरतं. हौरासाठी कुणी बसलं नाही. "गोळी आभाळातून आली, पोरी," अबू नौफल म्हणाले होते. "आभाळाची टोळी कोणती, सांग." तेव्हापासून बद्रिया प्रत्येक शेजाऱ्याच्या सलामाला उत्तर द्यायची आणि मनात म्हणायची, तूच असशील मेल्या.

एकटा नवरा तेवढा तिचा होता. जब्बार त्या दिवशी पार नदीकाठच्या चहाखान्यात सामना बघायला म्हणून गेला होता. तरी तिने दुसरी किंकाळी फोडायच्या आत तो धाडधाड पावलं वाजवत अंगणात आला आणि पोरीला छातीशी धरलं. बापाच्या काळजाला आधीच कळलं गं, असं बायका म्हणायच्या. बद्रियाही तेच म्हणायची. त्या एका आधारावर तर ती तगली होती.

यंदा पुन्हा चषक आला. सामना लागला की ती धाकट्या पोराला, कर्रारला, घेऊन जिन्याखाली बसायची. ऑफसाइड कशाशी खातात हे जिला ठाऊक नाही, तिला गटाचा तक्ता तोंडपाठ झाला. इराक कोरियाकडून हरला, तर हिने केशरभात रांधला. ओमानशी बरोबरी झाली, पोरांनी कपाळं बडवली, हिने देवाचे आभार मानले. फितूर बाई, असं लोक तोंडावर म्हणायला लागले. आज मात्र जॉर्डनला हरवलं तरच इराक पुढे जाणार होता. बरोबरीही चालणार नव्हती. म्हणून काल ती अबू नौफलच्या बैठकीत शिरली आणि डोक्यावरची अबाया काढून त्यांच्या पायाशी टाकली. बाईने असं केल्यावर नाही म्हणायची सोय नसते. त्यातून या बंदुका आल्या.

अबू नौफलनी खोलीभर नजर फिरवली. "जब्बार, तुझी?"

"माझी?" जब्बार खाली बघत म्हणाला. "ती हौरा गेली त्याच आठवड्यात नदीत टाकली, चाचा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. बद्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

टीव्ही गल्लीत मांडला होता. जनरेटर घरघरत होता, आणि वायर जब्बारच्या गच्चीवरच्या तबकडीतून खाली सोडली होती. सामना संपत आला तरी गोल नव्हता. तेवढ्यात वारा सुटला आणि चित्र थरथरायला लागलं. लोक बोंबलले. "थांबा रे, तबकडी सरळ करतो," असं म्हणत जब्बार जिन्याखाली बसलेल्या बद्रियाच्या डोक्यावरून जिना चढत वर गेला.

आणि गल्ली फुटलीच! गोल! ढोल, पराती, शिट्ट्या, बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या. बद्रियाने कर्रारचे कान दाबून धरले. तिने श्वास रोखून ऐकलं. पुन्हा ऐकलं. बंदूक कुठेच वाजत नव्हती.

"खाला, ऐकतेयस ना?" मुन्तझर दारातून ओरडला. तो रडत होता आणि हसतही होता. "एकही नाही! एकसुद्धा नाही!"

"ऐकतेय रे, ऐकतेय," ती म्हणाली. किती वर्षांनी तिला माणसं बरी वाटली. उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्यांना, असं मनात येऊन ती कर्रारचा हात धरून जिन्याखालून बाहेर आली. "मुबारक हो, पोरा. जिंकलो आपण."

तेवढ्यात डोक्यावर गोळ्यांची फैर कडाडली. अगदी वर. तिच्याच गच्चीवर.

तिने कर्रारला पोटाखाली घेऊन जमिनीवर अंग टाकलं. बाहेरचा ढोल थांबला. गोळ्या कुठे पडल्या कोण जाणे, किंकाळी मात्र कुठून आली नाही. मग जिन्यावर पावलं वाजली, धाडधाड, दोन-दोन पायऱ्या एकदम. जब्बार धापा टाकत अंगणात उतरला. हातात बंदूक होती, तिच्या दस्त्याला पाण्याच्या टाकीखालचं हिरवं शेवाळ लागलेलं. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं.

"विसरलो गं, बद्रिया," तो म्हणाला. "देवाशपथ, क्षणभर सगळं विसरलो."

दारात मुन्तझर आणि अबू नौफल उभे होते. बद्रिया बंदुकीकडे बघतच नव्हती. ती जिन्याकडे बघत होती, मान कलती करून, ती पावलं अजून वाजत असल्यासारखी.

"चहाखान्यातून आलेला माणूस जिना उतरून येत नाही, जब्बार," ती म्हणाली. "त्या दिवशी तू जिना उतरून आला होतास."