आबांच्या वेण्या

सुनेची नोकरी सकाळची, म्हणून नातीच्या वेण्या घालायला मी या वयात मोबाईलवर बघून शिकलो. पण पाळणाघरात धनू मातीत खेळून केस भरवून घ्यायची. मग तिथल्या झुंबरमावशी तिचं डोकं धुऊन पुन्हा वेण्या घालायच्या, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक.

"आबा, मावशीच्या वेण्या लई भारी!" म्हणत ती आरशापुढून हलायची नाही. मी हसायचो, पण मला जेवण गोड लागायचं नाही.

सोमवारी मी तिच्या डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि बजावलं, "माती लागू द्यायची नाही हं. आबांच्या वेण्या संध्याकाळपर्यंत टिकल्या पाहिजेत."

संध्याकाळी न्यायला गेलो, तिथेच रुमाल सोडला. वेण्या जशाच्या तशा होत्या. जरा वाकड्या, पण माझ्याच. मी धीर करून मावशींना म्हणालो, "बघा, राहिल्या की नाही?"



"राहनारच की आबा. समदी पोरं चिखलात लोळत हुती, अन् ही दिसभर दोनी हातांनी डोकं धरून कोपऱ्यात बसली हुती."