शनीची हद्द

उमरखेडच्या मंगल कार्यालयात एवढी माणसं शनीबद्दल ऐकायला जमतील असं शाल्मलीला वाटलं नव्हतं. ती यवतमाळच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या अनंतरावांनी तिला फोन करून बोलावलं होतं. आमच्या शेतकऱ्यांनाही विज्ञान कळू द्या, मॅडम, असं ते म्हणाले होते. तिला बरं वाटलं होतं. प्रोजेक्टर मांडीवर घेऊन ती सकाळच्या एसटीनं आली होती.

समोर सतरंजीवर तांड्यावरची बंजारा माणसं बसली होती. अनंतरावांनीच त्यांना टेम्पोतून आणलं होतं.

तिनं सोपं करून सांगितलं. शनीभोवती एक यान फिरतंय. त्यानं सोडलेली लहानशी कुपी गेल्या आठवड्यात शनीच्या चंद्रावर, टायटनवर उतरली. तिथली हवा इतकी दाट आहे की छत्रीला लटकून खाली यायला तिला अडीच तास लागले. वर नारिंगी धुकं, खाली गोटे, आणि डोंगरातून वाहत गेलेल्या नाल्यांच्या खुणा. कुपीनं काढलेला फोटो तिनं मोठा छापून आणला होता. तो हातोहात मागे गेला.

तांड्याचा नाईक देवसिंग यानं विचारलं, "तिथं पानी पडते का?"

पाऊस पडतो, पण पाण्याचा नाही, थंडीनं पातळ झालेल्या मिथेन वायूचा, असं तिनं सांगितलं. मंग कायले कामाचा, असं तो म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली. नंतर तिनं शनीच्या चुंबकीय शक्तीचं चित्र दाखवलं. ही शक्ती ग्रहाच्या बाहेर लाखो किलोमीटर पसरलेली असते आणि यानानं ती आत शिरून मोजली, असं सांगून ती खाली बसली.

अनंतरावांनी माइक घेतला. ते शांतपणे, घरच्यासारखे बोलले. शनीची शक्ती लाखो किलोमीटर पसरते हे आज यंत्रानंच सिद्ध झालं, मॅडमनं तुमच्यासमोर सांगितलं. यंदा कपाशीची बोंडं गळाली, त्यात दोष कोणाचा, हे आता कळलं असेल. साडेसाती चालू आहे. दुकानातर्फे शांती ठेवली आहे, कोणाला काही खर्च नाही.

बाजूच्या खोलीतून एक महाराज आले. मागून चौरंग आला. त्यावर काळं कापड, तीळ, पेटता कापूर आणि तेलाची वाटी होती. टायटनचा फोटो मागून परत आला होता. तो महाराजांनी चौरंगावर टेकवला, त्याला रुईच्या पानांची माळ घातली आणि पळीनं तेल सोडलं. टायटनच्या गोट्यांवरून तेल ओघळलं. पलीकडच्या टेबलावर एक माणूस टाइप केलेले कागद आणि शाईचा पॅड मांडत होता.

शाल्मलीनं शेजारी बसलेल्या तांड्यावरच्या रामीबाईला विचारलं, हा पॅड कशासाठी?

रामीबाई हळू आवाजात म्हणाली, "बी बोगस निंगालं म्हून आमी तक्रार केलती. उद्या पंचनाम्याले साहेब येऊन राह्यले. आज पूजा झाली की अंगठा द्याचा, तक्रार मांगं घेतली म्हून."

तेलाचा आणि कापराचा वास शाल्मलीला सहन होईना. ती उठली आणि अनंतरावांच्या हातातून तिनं माइक ओढून घेतला.

"मी अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "शनीच्या शक्तीला हद्द आहे. सूर्याकडून येणारा वारा तिला अडवतो. यानानं ती हद्द ओलांडली तेव्हा शनी तीस लाख किलोमीटरवर होता. आपण त्याच्यापासून एकशेवीस कोटी किलोमीटरवर आहोत. त्याचं काहीही तुमच्या वावरात पोचत नाही. वावरात पोचलं ते यांच्या दुकानातलं बियाणं."

महाराजांची पळी वाटीतच राहिली. देवसिंगनं मान वर करून अनंतरावांकडं पाहिलं. अनंतराव रागावले नाहीत. त्यांनी हसून हात जोडले आणि मॅडम दमल्या आहेत, जेवण तयार आहे, असं म्हणाले. टेबलाजवळच्या माणसानं पहिलं नाव पुकारलं.

नाव देवसिंगचंच होतं. तो उठला, टोपी नीट केली आणि टेबलाजवळून सरळ पुढे दाराबाहेर गेला. त्याच्यामागे दोघं-तिघं गेले. बाकीचे बसून राहिले. मग एकेक जण टेबलाकडं जाऊ लागला.

रामीबाई गेली तेव्हा शाल्मलीनं तिचा हात धरला. रामीबाईनं तो सोडवून घेतला नाही, तशीच उभी राहिली.

"तुमचं खरं असन, बाई," ती म्हणाली. "पन मिरगात मले उधारीत बी कोन देईन? तुमी देता का?"

शाल्मलीनं हात सोडला.

ती जेवली नाही. बाहेरच्या नळावर तिनं तीनतीनदा तोंड धुतलं, तरी कापराचा वास जाईना. रिक्षाला हात करत होती तेवढ्यात अनंतराव शाल-श्रीफळ घेऊन आले. मागे फोटोवाला होता. तिनं शाल घेतली नाही. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी ती व्यवस्थित घडी करून काखेत धरली आणि तिच्यासाठी रिक्षाचा पडदा बाजूला केला.

"तुम्ही बोलल्या ते छानच झालं, मॅडम. लोकांना दोन्ही बाजू कळल्या." ते थट्टा करत नव्हते. "पुढच्या साली गुरूवर ठेवू. इकडं पोरींची लग्नं लई अडून राह्यली."