यास्मिनच्या कानांनी

मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या बाबालाल यांना ऐकू येईनासं होऊन चार वर्षं झाली होती. आज त्यांच्या मुलीने, यास्मिनने, दोन्ही कानांत बारीक मायक्रोफोन बसवले, त्यांची वायर संगणकाला जोडली आणि कारागिरांनी बनवलेल्या नव्या तंबोऱ्याची तार छेडली. तिला जे जसं ऐकू येत होतं, ते तसंच नोंदवून संगणक अब्बांच्या मेंदूत बसवलेल्या चकतीकडे पाठवत होता.

“आवाज उलट्या बाजूने येतोय,” अब्बा म्हणाले.

यास्मिनने डावा-उजवा मायक्रोफोन बदलला आणि पुन्हा तार छेडली. अब्बांचे डोळे भरून आले. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“तारेमागे ही बारीक सरसर कसली? मशीनची का?”

“नाही, तंबोऱ्याचीच. मला लहानपणापासून ऐकू येते.”

“मी घडवलेल्या तंबोऱ्यांतही?”

“सगळ्यांत.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“बोलले होते, अब्बा. दहा वर्षांची होते. तुम्ही म्हणालात, हिच्या कानांतच खोट आहे, हिला तारांचा आवाज खुलवायच्या, जवारीच्या कामाला बसवायचं नाही.”

बाबालाल यांनी तंबोऱ्यावरून हात फिरवला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून किती तंबोरे गेले होते!

“कुठून येते ती?” अखेर त्यांनी हळूच विचारलं.

तारा जिच्यावर टेकतात आणि जी घासून जवारी लावतात, त्या घोडीच्या कडेवर यास्मिनने नख ठेवलं. “इथून.”

त्यांनी आपली कानस तिच्या हातात दिली.

“घास. मी ऐकतो.”