पूर्ण ऑक्सिजन

अतिदक्षता कक्षात सहा पाळणे होते, चार बाळं आणि तीन मॉनिटर. खिडकीजवळच्या मॉनिटरवर बहात्तर आकडा होता. निरोगी बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन पंचाण्णव टक्क्यांच्या वर असतो. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाळाचा ऑक्सिजन मोजायची पद्धत पनवेलच्या या रुग्णालयात नुकतीच सुरू झाली होती. किशोरीच्या मुलाचा हा आकडा त्यातच सापडला.

"आक्सिजन अर्धाच का सोडलाय?" ठमाबाईने विचारलं. ती किशोरीची सासू. सून खालच्या मजल्यावर टाके सांभाळत पडली होती, म्हणून नातवाजवळ ती उभी होती. "आमच्या तळोजाला कंपन्यांचा वास सुटतो. तोच भरलाय पोराच्या छातीत. जरा वाढव, मोकला होईल."

"आजी, लागेल तेवढा देतोय," डॉक्टर अरुंधती म्हणाली.

"तुजं पोर असतं, तर असा हात राखून दिला असतास?"

अरुंधतीने बाळाच्या छातीकडे पाहिलं. फुप्फुसं बिघडली असती, तर बाळ धापा टाकत असतं. हे शांत श्वास घेत होतं. तेच तिला खुपत होतं. दोष हृदयात असेल, तर लगेच शस्त्रक्रिया लागणार होती. मुंबईला तिने सकाळीच फोन करून ठेवले होते. आठवडाभर खाट नव्हती कुठेच. एवढं निळं बाळ आठवडा काढत नाही.

तिने चावी पूर्ण फिरवली. बाळाच्या डोक्यावरच्या पारदर्शक टोपात ऑक्सिजन जोरात घुमू लागला.

"आता कसं!" ठमाबाईने पदराने डोळे पुसले. "बोलल्याबिगर कोन देत नाय बग. किशोरीला सांगून येते, पोरगा वाचला म्हणून."

ती लगबगीने जिना उतरली. अरुंधतीने तिला थांबवलं नाही. हृदयाची सोनोग्राफी करणारं यंत्र इथे नव्हतं. तिच्या हातात एवढी एकच चाचणी होती: दहा मिनिटं पूर्ण ऑक्सिजन. बिघाड फुप्फुसात असेल तर आकडा नव्वदच्या पुढे चढतो. हृदयात असेल तर कितीही सोडा, जागचा हलत नाही.

ठमाबाई धापा टाकत परत आली. किशोरीने दिलेलं टोपडं तिच्या हातात होतं.

"हसली गं," ती म्हणाली. "दोन दिसांनी हसली. चढला ना आकडा?"

दहाव्या मिनिटाला मॉनिटरवर त्र्याहत्तर होते.