शेवटचा खेळ सुटला तेव्हा

गोंडपिपरीच्या टॉकीजच्या दारावर सुलतानाबाईंनी चाळीस वर्षं तिकिटं फाडली होती. नवरा गेल्यावर ते घरचं टॉकीज त्यांनी एकटीनं चालवलं. आता तेही कायमचं बंद झालं.

दुपारी साऱ्या खुर्च्या उखडून ट्रकमधून नेल्या. बाई कुलूप लावायला वळल्या, तर आतून कोणीतरी खुर्ची उघडून बसल्याचा खट्ट आवाज आला. मग दुसरा. मग ओळीच्या ओळी.

“कोन हाय जी?”

त्यांनी आत डोकावलं. मोकळ्या फरशीवर धूळ होती, बाकी काही नाही.

“आता पिक्चर नाई लागत,” त्या हळूच म्हणाल्या. “घरी जा सारे.”

खुर्च्या एकदम मिटल्याचा आवाज झाला. असंख्य पावलं दाराकडे येऊ लागली. सवयीनं बाई वाट देत बाजूला झाल्या.

पावलं त्यांच्यापाशी आली आणि थांबली.