स्टिअरिंगवरचं कुंकू

सकाळी पावणेसातला पारडीच्या हनुमान मंदिरासमोर एक पांढरी, नऊ वर्षं वापरलेली छोटी कार येऊन थांबली. दीपमाला चालवत होती. शेजारी तिचे सासरे बाबाराव बसले होते, मांडीवर नारळ आणि झेंडूचा हार घेऊन. आठच्या आत तिला मौद्याच्या वीज प्लांटवर पोचायचं होतं. त्याआधी गाडीची पूजा.

पुजारी पायऱ्या उतरून आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"कितव्या हातची आहे गा?"

"दुसऱ्या," बाबाराव म्हणाले.

"सारे दुसऱ्याच हातची सांगतेत. तिसऱ्या हातची गाडी मी आजवर पाहिली नाही."

दीपमाला हसली. बाबाराव हसले नाहीत.

"ओवाळाले सवासीण लागते," पुजारी म्हणाला. "घरचं कोणी?"

बाबारावांनी सुनेकडे हात केला. पुजाऱ्याची नजर तिच्या कपाळापर्यंत गेली आणि परत आली. ताट त्याने बाबारावांच्याच हातात दिलं.

"तुम्हीच ओवाळा."

त्यांनी ओवाळलं. याच भंडारा रोडवर त्यांचा मुलगा प्रज्वल प्लांटला जाताना मोटारसायकलसकट ट्रकखाली आला होता. ठेकेदाराने त्याच्या जागी दीपमालाला घेतलं. त्यानंतर ती त्याच रस्त्याने स्कूटरवर जायची, आणि ती घरी येईपर्यंत बाबाराव जेवत नसत. शेवटी त्यांनीच कारचा हट्ट धरला. स्कूटर विकावी लागली.

गाडी घेताना त्यांनी मायलेज विचारलं नाही, टायर पाहिले नाहीत. "बलून आहे ना?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं. दलालाने त्यांचं बोट धरून स्टिअरिंगच्या मधोमध उठलेल्या एअरबॅगच्या अक्षरांवरून फिरवलं. आयुष्य हातमागावर गेलेला माणूस; बोटांना जे लागलं ते त्यांनी खरं मानलं.

नारळ फुटला. चारही चाकांखाली लिंबं ठेवून झाली. पुजाऱ्याने वाटीत कुंकू कालवलं आणि दारातून आत वाकून स्टिअरिंगवर स्वस्तिक काढायला घेतलं.

"प्लास्टिकवर धरत नाही लवकर," तो म्हणाला आणि त्याने अंगठा दाबला.

झाकणाचा कोपरा आत गेला.

पुजाऱ्याने हात मागे घेतला. झाकण तिरकंच राहिलं. बाबारावांनी त्याला बाजूला केलं, फटीत नखं घातली आणि ओढलं. ते सहज निघालं. आत बलून नव्हता. स्पंजचा तुकडा होता आणि त्यामागे कोंबलेल्या तेलकट चिंध्या.

"हा आधीच फुटून गेला," पुजारी म्हणाला. "म्हणजे गाडी कुठंतरी ठोकेल आहे."

बाबारावांनी दलालाला फोन लावला. बंद होता. त्यांनी पुन्हा लावला. झाकण त्यांच्या दुसऱ्या हातात होतं.

"मामाजी, सात वाजून राहिले," दीपमाला म्हणाली.

"आज नको जाऊ वं."

"काल सुट्टी झाली, परवा झाली. या गाडीच्याच पायी. आज नाही गेली तं ठेकेदार उद्या येऊच नको म्हणते."

"मंग बसनं जाय."

"बस मौद्याच्या स्टँडवर सोडते. तिथून गेटपर्यंत मले कोण नेईन? आठ तिथंच वाजतेत."

"मी येतो संगं."

"तुम्ही येऊन काय करसान?"

दीपमालाने त्यांच्या हातातून झाकण घेतलं, जागेवर बसवलं आणि तळव्याने ठोकलं. ते पुरतं बसलं नाही. तिच्या हाताला ओलं कुंकू लागलं. तिने ते ओढणीला पुसलं आणि सीटवर बसली.

"स्कूटरले कुठं बलून होता, मामाजी."

पुजारी ताट घेऊन पायऱ्यांकडे वळला. दक्षिणा त्याने मागितली नाही.

बाबाराव खिडकीतून आत वाकले. त्यांनी तिच्या खांद्यावरचा पट्टा ओढून पाहिला. सोडला. पुन्हा ओढला.

"हा तरी खरा आहे का वं?"

"पाहू," ती म्हणाली.

गाडी लिंबांवरून पुढे गेली. प्लांटची राख वाहणारा एक टिप्पर ट्रक नाक्यावर वळत होता. त्याच्या मागोमाग ती भंडारा रोडला लागली आणि दिसेनाशी झाली. बाबाराव घरी गेले नाहीत. मंदिराच्या खालच्या पायरीवर बसून ते दलालाचा नंबर लावत राहिले. मग तेही थांबवलं. बॅटरी संपायला नको म्हणून.

प्लांटच्या गेटवर फोन बंद करून जमा करावा लागतो. संध्याकाळी सुटल्यावरच तो परत मिळतो. आठनंतर तिचा फोन लागायला नको होता.

सव्वाआठला बाबारावांनी लावला. रिंग गेली. कोणी उचलला नाही.

साडेआठलाही रिंग जात होती.